उलट्या सीटवरची अमेरिका

आमच्या गॅरेजमध्ये १९९५ सालची एक ब्यूइक रोडमास्टर एस्टेट वॅगन उभी असते. आठवड्यातून एकदा मी तिला गावातून फिरवून आणतो, घरातल्या म्हातारीला देवळात नेऊन आणावं तसं. दोन्ही कुशींवर लाकडाच्या रेषांचा प्लॅस्टिकचा कागद, मधल्या सीटच्या डोक्यावर छताला काच, आणि पोटात कॉर्वेटच्या इंजिनाचा चुलतभाऊ: ५.७ लिटर, २६० अश्वशक्ती. “कोपऱ्यावरून दूध आणायला २६० घोडे कशाला लागतात हो?” असं आमची ही विचारते. तिचं बरोबर आहे. पण मी गाडी घेतली ती घोड्यांसाठी नव्हे, शेवटच्या सीटसाठी. ती सीट उलटी आहे. तिच्यावर बसणाऱ्याची पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. आमच्या घरात त्या सीटला अजून ‘आजीची जागा’ म्हणतात. आजी मात्र ह्या गाडीत कधी बसलीच नाही. ती बसली होती वाड्यात.

वाडा म्हणजे आमची पहिली वॅगन. १९८४ साली शिकागोच्या एका उपनगरात नोकरीला होतो, तेव्हा वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. नऊशे डॉलर. गाडी १९७६ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. कुणाच्या म्हातारपणाच्या खोड्या सांगताना घराणं काढू नये. लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास, वजन दोन टनांच्या बरंच वर, इंजिन साडेसहा लिटरहून मोठं. आम्ही सांगलीत वाढलो, तिथे ॲम्बॅसिडर म्हणजे मोठी गाडी. त्या बिचारीचं इंजिन दीड लिटरचं. हिच्या एका बॉनेटखाली चार ॲम्बॅसिडर संसार करून राहिल्या असत्या.

गॅरेजात नाक आत घातलं की शेपूट बाहेर, शेपूट आत घेतली की नाक बाहेर. दार लावायचं तर वॉशिंग मशीन अंगणात काढावं लागे. पहिल्याच बर्फात हिने निकाल दिला: मशीन आत, गाडी बाहेर. लिटरला चार, फार तर साडेचार किलोमीटर. पेट्रोलपंपावरचा पोरगा माझ्या मुलांची विचारपूस करू लागला, इतका आमचा घरोबा झाला.

पण मराठी मंडळात माझा भाव एकदम वधारला. ह्या गाड्यांत सीटा पाडल्या की चार फूट बाय आठ फुटाचं प्लायवूड आडवं, सपाट आत जातं आणि वर दारही लागतं. गणपतीची आरास, चाळीस घडीच्या खुर्च्या, पन्नास माणसांचा मसालेभात, सगळं वाड्यातून. नाटकाच्या पडद्यामागे माझं नाव कधी आलं नाही, पण पडदा माझ्याच गाडीतून आलेला असे.

१९८६ च्या मे महिन्यात आई आली. विमानतळाच्या पार्किंगमध्ये तिने गाडीच्या कुशीवर बोटाच्या पेराने टकटक केलं.

“सागवान नाही.”

“आई, प्लॅस्टिक आहे ते.”

“मग लाकूड असल्याचं सोंग कशाला?”

ह्याचं उत्तर खरं म्हणजे आहे. एके काळी रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका न्यायला ह्या गाड्या असत, म्हणून नाव स्टेशन वॅगन. आणि त्यांचा मागचा सांगाडा खऱ्या लाकडाचा असे. १९५० च्या दशकात लाकूड गेलं, लाकडाचं चित्र तेवढं राहिलं. हे मी आईला सविस्तर सांगितलं. तिचं लक्ष मागच्या दाराजवळ होतं. तिथला कागद सोलवटला होता आणि मी त्या जागी स्वयंपाकघरातल्या फडताळाला लावतात तो अक्रोडी रंगाचा चिकट कागद लावला होता. रेषा आडव्या हव्या होत्या, त्या उभ्या आल्या होत्या. तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत वह्या तपासलेली बाई. तिच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. “वाडा आहे हो तुझा,” ती म्हणाली, “डागडुजीला आलेला.” तेच नाव पडलं.

पुढच्या सीटवर तिला बसवलं. हायवेला लागताच तिने उजवा पाय गाडीच्या तळाशी असा दाबून धरला की तिच्या पायाखाली ब्रेक असता तर आम्ही अजून तिथेच असतो. दर ट्रकला “अरे, अरे, अरे!” शेवटी धाकटीने सुचवलं, “आजी, तू मागे आमच्याकडे ये.” मागचा फाळका दोन तऱ्हांनी उघडायचा. आडवा पाडला की ट्रकसारखा, बाजूला ओढला की दारासारखा. आई पदर खोचून बंपरवर पाय देऊन चढली, बसली, आणि गाडी सुटल्यावर पाचच मिनिटांत तिचा आवाज आला, “अरे, ही तर आपली बैलगाडी! मागे पाय सोडून बसलं की असाच रस्ता पळायचा.”

तेव्हापासून ती पुढे बसली नाही.

जुलैत यलोस्टोनला निघालो. जायलाच जवळजवळ चौदाशे मैल. त्या वर्षी पेट्रोल गॅलनला डॉलरच्या खाली उतरलं होतं, म्हणून तर हे धाडस. वेगाची मर्यादा देशभर ताशी पंचावन्न मैल. वाड्याला ती अपमानास्पद वाटायची, मला सोयीची. सामानात एक कुकर, थालीपिठाची भाजणी, दोन डबे लाडू, एक चिवड्याचा, गॅसची छोटी शेगडी आणि टपावर ताडपत्रीत बांधलेल्या बॅगा. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी विचारलं, “घर बदलताय?”

विस्कॉन्सिन, मिसिसिपी नदी, मिनेसोटा. मी आणि ही समोरचा देश पाहत होतो. मागची पार्टी गेलेला देश पाहत होती. थोरल्याने आजीला एक विद्या शिकवली: मागून येणाऱ्या ट्रकवाल्याकडे बघून मूठ हवेत वर-खाली ओढायची, म्हणजे तो भोंगा वाजवतो. मला ह्याचा पत्ता नव्हता. प्रत्येक ट्रक माझ्या पाठीशी येऊन का बोंबलतोय, म्हणून मी मुकाट्याने बाजूला होत होतो. दुपारी आरशात पाहिलं तर नातवंडं झोपलेली, आणि आई एकटीच, चष्मा सावरत, साखळी ओढावी तशी मूठ ओढत होती. भोंगा वाजला की ती ट्रकवाल्याला नमस्कार करायची.

दुसरी गंमत साउथ डकोटात कळली. रस्त्याकडेच्या जाहिराती येणाऱ्यांसाठी असतात. आम्ही पश्चिमेला चाललेलो, आणि आईला दिसायच्या त्या पूर्वेला जाणाऱ्यांच्या पाट्या. म्हणजे एखादं स्थळ मागे पडून तास झाला की तिला त्याची जाहिरात वाचायला मिळे. मिचेल गावात मक्याचा महाल आहे, कॉर्न पॅलेस. त्याच्या भिंतींवर रंगीबेरंगी कणसांची चित्रं काढतात. मला घाई होती, म्हणून थांबलो नाही. पुढे चाळीस मैलांवर आई ओरडली, “अरे, इथे कणसांचा राजवाडा आहे म्हणे, चाळीस मैलांवर!” मी म्हटलं, “गेला तो.” “मग सांगायचं नाही का आधी?” हा संवाद तीन दिवसांत निदान अकरा वेळा झाला. फक्त स्थळं बदलत होती.

वॉल ड्रगला मात्र थांबावंच लागलं, कारण त्याच्या पाट्या मलाच शेकडो मैल छळत होत्या. वॉल हे माळावरचं एवढंसं गाव. टेड हस्टेड नावाच्या माणसाने १९३१ साली तिथे औषधांचं दुकान घेतलं. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ साली त्याच्या बायकोला, डोरोथीला, सुचलं की तापलेल्या वाटसरूंना बर्फाचं पाणी फुकट द्यावं आणि तशी पाटी हायवेवर लावावी. दुकान तुडुंब भरलं, ते आजतागायत. मी हे आईला पुढून ओरडून सांगितलं. क्षणभर मागे शांतता. मग, “म्हणजे पाणपोई! मग एवढ्या पाट्या कशाला? आपल्याकडे एकच लावतात, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ.”

तिथलं पाणी मात्र तिने भक्तिभावाने घेतलं. आम्ही सगळे प्यालो, पाच सेंटांची कॉफीही झाली, आणि आईने थर्मासचा मोठा जग काठोकाठ भरून घेतला. “पाणपोईचं आहे. सांडू नका.” जग तिने मांडीजवळ ठेवला, गंगेहून आणल्यासारखा.

पुढची कहाणी वायोमिंगमधल्या बिगहॉर्न डोंगरांची. बफेलो गावातून सोळा नंबरचा रस्ता चढत चढत पावडर रिव्हर खिंडीत जातो, ९,६६६ फुटांवर. आदल्या वसंतात मेकॅनिकने मला रेडिएटर साफ करून घ्या म्हणून सांगितलं होतं आणि मी ‘बघू’ म्हटलं होतं. शिवाय टपावर बॅगा, पोटात सहा दिवसांची भाजणी. निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. अशा वेळी जुना उपाय असा की हीटर पूर्ण सोडायचा. तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. ओढतो आणि तुमच्या अंगावर टाकतो. जुलैची दुपार, खिडक्या उघड्या, आणि आत भट्टी. मागची काच तेवढी बंद, कारण ती उघडली की धुराड्याचा धूर उलटा आत येतो. पाचही जण घामाने निथळत. मागून आवाज आला, “ह्या देशात ऊन पुरत नाही का, म्हणून हीटर लावलास?”

शेवटी थांबलोच. बॉनेट उघडलं तर इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ. रस्त्याकडेला एक पाटी होती: हा खडक इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा. त्या डोंगरात अशा पाट्या ठिकठिकाणी लावल्या आहेत. आईने ती नीट वाचली.

“खडकाचं वय लिहिलंय. गाडीचं काय?”

“दहा, आई.”

“मग तिला काय झालं धापा टाकायला?”

तासभर थांबणं भाग होतं. आईने तो तास वाया जाऊ दिला नाही. फाळका आडवा पाडला, वर वर्तमानपत्र अंथरलं, शेगडी मांडली आणि थालीपिठं लावायला घेतली. इतका सोयीचा ओटा तिला सांगलीतही मिळाला नव्हता: कमरेइतका उंच, सामान हाताशी, आणि समोर बर्फाच्या रेघा असलेले डोंगर. हात ओला करून ती थापत होती, मध्ये बोटाने भोक पाडत होती, मुलं फाळक्यावर पाय हलवत बसली होती. एक कॅम्परवाले जोडपं मदतीला म्हणून थांबलं आणि दोन-दोन थालीपिठं खाऊन गेलं. गाडीला काय झालंय, हे विचारायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

रेडिएटर हाताला सोसेल इतका निवला, तेव्हा मी फडकं धरून झाकण काढलं. पाणी बरंच खाली गेलं होतं. आसपास ओढा नाही. माझी नजर जगाकडे गेली. आईचीही गेली. तिने जग उचलला, थोडं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली आणि उरलेला माझ्या हातात दिला.

“घाल. तहानलेल्यासाठीच असते पाणपोई.”

वाडा खिंड चढला. उतरताना मी दुसरा गिअर सोडला नाही आणि कुणी तोंडातून शब्द काढला नाही.

यलोस्टोनबद्दल फार लिहीत नाही. १८७२ पासून लोक लिहीतच आहेत. ओल्ड फेथफुलचा फवारा साधारण सांगितल्या वेळी उडाला, त्यामुळे शिक्षिकेच्या मनात भरला. बायसन मात्र सांगतो. गाड्यांची रांग थांबली होती आणि एक दांडगा नर वाड्याच्या मागे येऊन उभा राहिला, काचेला नाक लागेल इतका जवळ. काचेच्या आत आई. आम्ही पुढे श्वास रोखलेले. आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने आईकडे. मग आईने सवयीने मूठ वर करून दोनदा खाली ओढली. तो फुस्स करून निघून गेला. काचेवर वाफेचा जो गोल उमटला, तो धाकटीने घरी येईपर्यंत कुणाला पुसू दिला नाही.

१९९० मध्ये आई दुसऱ्यांदा आली, तोवर मिनीव्हॅनचं राज्य आलं होतं. त्यात कायद्याची एक मेख होती: इंधनाच्या नियमांत वॅगन ही ‘कार’, आणि मिनीव्हॅन ‘हलका ट्रक’, म्हणून तिला नियम सैल. पुढे थोरल्या एसयूव्हींनाही तीच सवलत. १९९६ मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यातून शेवटच्या मोठ्या वॅगनी बाहेर पडल्या आणि तिथे एसयूव्ही बनू लागल्या. मी मात्र १९९० सालीच काळाबरोबर गेलो होतो. मिनीव्हॅन घेतली आणि वाडा तीनशे डॉलरला एका पोराला विकला. त्याने इंजिन पाहिलं नाही, रेडिएटर पाहिला नाही, फक्त मागचा बंपर लाथ मारून पाहिला. काउंटी फेअरमधल्या डेमोलिशन डर्बीसाठी हवी होती म्हणे.

काउंटी फेअर म्हणजे जत्राच. फक्त कुस्त्यांच्या आखाड्यात गाड्या उतरतात. एकमेकींना धडका द्यायच्या, शेवटी जी हलत राहील ती जिंकली. आम्ही सहकुटुंब गेलो. वाड्याच्या काचा काढलेल्या, अंगावर फवाऱ्याने आकडा रंगवलेला, पण मागच्या दाराजवळ उभ्या रेषांचा अक्रोडी कागद शाबूत. शिट्टी झाली आणि वाडा उलटा सुटला. रेडिएटर वाचवायचा म्हणून ह्या खेळात शहाणा गडी मागच्या अंगानेच मारतो, हे मला माहीत नव्हतं. दणादण, शेपटीने, एकामागून एक. ही डोळे झाकून बसली होती. मुलं ओरडत होती. आई मात्र बाकावर उभी राहून, पदर कमरेला खोचून, मूठ हवेत ओढत होती.

“बघ!” ती मला म्हणाली. “माझ्या जागेवरून मारतोय!”