शिझुओकाचं कसब, लेखकाची कॉलर

‘विकत आणला नाही हो, स्वतः बनवलाय,’ हे वाक्य उच्चारायला मिळावं म्हणून प्रस्तुत लेखकाने काय काय केलं नाही! दिवाणखान्यातला शोकेस सरकवून सोफ्याच्या बरोबर समोर आणला. आत दिवा बसवला. पाहुणे पावसावर आणि खड्ड्यांवरच बोलत राहिले, तर उठून काचेवरची नसलेली धूळ पुसायची प्रथा पाडली. शेवटी कोणीतरी विचारतंच, ‘हा रोबो कुणाचा?’ मग पाहुण्याचा चहा निवेपर्यंत लेखक थांबत नाही.

व्याख्यानातून एक तपशील मात्र हमखास गळतो. हा रोबोचा संच जोडताना चुकणं जवळपास अशक्य असतं.

जपानच्या बांदाई कंपनीने ‘एन्ट्री ग्रेड’ गंडम हा संच २०२० साली काढला तो नवख्यांसाठीच. प्लॅस्टिकच्या चौकटींना (गनप्लावाले, म्हणजे गंडमचे संच जोडणारे, त्यांना रनर म्हणतात) सुटे भाग लगडलेले, प्रत्येकाशेजारी आकडा. भाग बोटाने पिरगळला की सुटतो, दुसऱ्यावर दाबला की टक्कन बसतो. गोंद नाही, रंग नाही, हत्यार नाही. निळी छाती मुळातच निळ्या प्लॅस्टिकची. भलत्या जागी बसवायला गेलं तर बहुधा तो भागच नकार देतो. सगळी अक्कल बांदाईच्या शिझुओका इथल्या कारखान्यात, साचा घडवतानाच खर्च झालेली असते. लेखकाच्या वाट्याला उरतो फक्त अंगठा. त्याच्याच जोरावर कॉलर ताठ.

पूर्वी इतकं सोपं नव्हतं. १९७९ साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘मोबाइल सूट गंडम’ या मालिकेला सुरुवातीला प्रेक्षकच मिळेनात. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत गुंडाळली. पुनःप्रक्षेपणांनी तिला हात दिला, आणि जुलै १९८०मध्ये पहिला संच दुकानात आला. किंमत ३०० येन, प्रमाण १/१४४. म्हणजे कथेतला अठरा मीटरचा यंत्रमानव इथे साडेबारा सेंटिमीटरचा. तो गोंदाने चिकटवावा लागे, पडद्यावरच्यासारखा दिसायला हवा तर रंगवावाही लागे. ‘मी बनवला’ हे त्या काळच्या पोरांनी म्हणावं.

आता निपर, म्हणजे रनरवरचे भाग कापायची बारीक पक्कड. खरं तर इथे निपरचा काही संबंध नाही, कारण या संचाला तो लागतच नाही. पण निपरबद्दल बोलू दिलं नाही तर लेखकाला अन्न गोड लागत नाही. जपानच्या निइगाता प्रांतात त्सुबामे नावाचं धातुकामासाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथली गॉडहँड ही कंपनी एकाच बाजूला धार असलेला निपर बनवते. एक पातं कापतं, दुसरं नुसतं टेकू देऊन उभं राहतं. आपल्याकडच्या चौकशी समित्यांमध्ये साधारण अशीच कामाची वाटणी असते. भाग रनरपासून दोनदा कापायचा असतो. पहिला काप लांबून, दुसरा अंगालगत. एकाच घावात उरकायला गेलं तर प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो, आणि गडद रंगावर तो जन्मभर दिसतो. पातं इतकं पातळ की जाड प्लॅस्टिकवर चालवलं तर टवका उडतो. म्हणून लेखक हा निपर मऊ कापडात गुंडाळून, कुलूपबंद खणात ठेवतो. संच निघाला तेव्हा सातशे येनचा. निपर त्याच्या कितीतरी पट महाग. हे गणित घरात अजून कोणी मांडलेलं नाही.

आणि तरीही भाग बसतानाचा तो ‘टक्’ खोटा नाही. दिवसभर कचेरीत फायली या टेबलावरून त्या टेबलावर जातात, काहीच कधी पुरं होत नाही. इथे पाय धडाला बसला की बसला. त्यावर कुणाचा शेरा येत नाही.

लेखकाच्या लहानपणीही घरात शोकेस होता. त्यात आखातातून कुणीतरी आणलेली, बॅटरीवर चालणारी लाल मोटार होती, खोक्यासकट. ‘हात लावू नकोस, बिघडेल’ हे वाक्य त्या घरात शुभंकरोतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलं. मोटार बिघडलीच. आतल्या आत बॅटरी पाझरली, एकदाही न चालता. या गोष्टीचा राग लेखकाच्या मनातून अजून गेलेला नाही. मोठ्यांनी ती जपली कुणासाठी?

परवा लेखकाच्या भाचीने गंडमकडे बोट दाखवलं. लेखकाच्या तोंडून काय बाहेर पडलं असेल ते वाचकांनी ओळखलंच असेल. वास्तविक त्या बाहुल्याचा खांदा फिरतो, कोपर वाकतं, गुडघा दुमडतो. इतके सांधे काही काचेआड ताठ उभं राहण्यासाठी दिलेले नाहीत. भाचीने वाद घातला नाही. वाढदिवसाला स्वतःचा संच मागून घेतला, माहितीपत्रकातली चित्रं पाहत जोडला आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या वाळूच्या ढिगावर त्याची लढाई लावली. ‘मी बनवला’ असं ती कुणालाच सांगत नाही. तिला वेळ नसतो.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एन्ट्री ग्रेड घ्यावा. एक मोकळी संध्याकाळ आणि उजेडाचं टेबल एवढं पुरे. संच मुलांच्या हाती खुशाल द्यावा. निपर मात्र लेखकाकडे मागू नये.