थोडासाच बदल केला

दुपारी चारच्या सुमाराला रावेरच्या कुठल्याही जुन्या गल्लीत शिरा. एखाद्या तरी ओट्यावर एक बाई पाय लांब सोडून बसलेली असते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पिशवीतून दोरा निघतो, डाव्या करंगळीला वेढा घेतो आणि उजव्या हातातली क्रोशाची सुई आपल्या मनानं चालते. नजर मात्र रस्त्यावर. कोणाच्या दारात कोणाची मोटरसायकल लागली, केळीचा आजचा भाव काय निघाला, समोरच्यांच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे चहा घेऊन गेले की नुसतं पाणी पिऊन, हा सगळा हिशेब एकही टाका न चुकवता होतो. म्हणजे टाका चुकतो, पण त्याबद्दल पुढे सांगतो.

अशा काकू सावद्याला आहेत, निंभोऱ्याला आहेत, बऱ्हाणपुरातही असणार. मी माझ्या काकूंबद्दल लिहितोय, कारण दुसऱ्यांच्या काकूंबद्दल लिहायची माझी हिंमत नाही.

क्रोशाच्या डिझाइनला आपल्याकडे नमुना म्हणतात. काकूंपुढे नमुना ठेवला की खोलीत दोन नमुने होतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. कागदावर बारा साखळ्या लिहिल्या असतील तर काकू चौदा घालतात. का, तर 'बारा फार चिकट दिसतात.' गोल रुमाल करायचा असेल तर तो आठव्या फेरीला सहाकोनी होतो आणि दहाव्या फेरीला काकू जाहीर करतात की तो पहिल्यापासून सहाकोनीच होता. आमच्या टीव्हीवर त्यांचं पांघरूण आहे. टीव्ही जाड होता तेव्हा ते त्याच्या डोक्यावर शोभायचं. आता टीव्ही पातळ होऊन भिंतीला टांगला गेला, तरी पांघरूण आहेच आणि त्याची झालर पडद्यावर चार बोटं उतरते. आम्ही क्रिकेटचा स्कोअर जाळीतून वाचतो.

काकूंच्या शास्त्रात उसवणं बसत नाही. एकदा मी जवळ बसून बघितलं. पंख्याच्या नक्षीत एका घरात आठ खांब हवे होते, पडले सात. ते लक्षात आलं तीन ओळींनंतर. त्यांची सावद्याची नणंद असती तर तिनं तिन्ही ओळी सर्रकन ओढून काढल्या असत्या. ती नणंद टाके मोजताना बोलत नाही, आणि म्हणून काकूंच्या मते तिचं विणकाम मुकं आहे. काकूंनी सुई थांबवली, सातचा पंखा अंगठ्यानं चेपून पाहिला, मग समोरच्या बाजूला मोजून दुसरा पंखा सातचाच घातला. नंतर डावीकडे एक, उजवीकडे एक. चार कोपऱ्यांत चार चुका समोरासमोर बसल्यावर त्यांनी रुमाल लांब धरला. "थोडासाच बदल केला, बापू."

त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, अमेरिकेत असते. तिनं दोन वर्षांपूर्वी एका त्रिकोणी लेसच्या शालीचा नमुना पाठवला. नक्षी अननसाची. ही नक्षी जगभर चालते आणि दिसते तेवढी अवघड नाही. तळाला एकाच घरात भरपूर खांब घालून पंखा करायचा, त्याच्यावर साखळीच्या कमानी उभ्या करायच्या आणि दर ओळीला एक कमान कमी करत शेंड्याला एकच ठेवायची. झालं अननस. त्यावर पुढचा पंखा. शाल मानेपाशी सुरू होऊन खाली रुंदावत जाते.

आकृती असती तर काकूंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आकृती त्या झरझर वाचतात. चपटं अंडं म्हणजे साखळी, टीच्या अंगावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे दुहेरी खांब. पण ह्या नमुन्यात नुसते इंग्रजी शब्द होते, आणि घरातला इंजिनिअर म्हणून ते मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. 'डबल क्रोशे' म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मी एका बाईंचा व्हिडिओ पाहिला आणि छातीठोकपणे सांगितलं, "काकू, मुका खांब."

ती बाई इंग्लंडची होती आणि नमुना अमेरिकेचा. इंग्लंडमध्ये ज्याला डबल म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात. अमेरिकेचा डबल म्हणजे आपला पुरा, उंच खांब. एकच भाषा, एकच टाका, नाव मात्र एका पायरीनं सरकलेलं. मी सांगितलं तसं काकूंनी वीस ओळी विणल्या आणि बसकं, फुगलेलं, सीताफळासारखं काहीतरी तयार झालं.

"तुझं इंग्रजी आखूड पडलं," काकू म्हणाल्या.

मी दोन देशांचा फरक समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांनी बदल केला तर ती भाषा, अन् मी केला तर चूक?" ह्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

त्यांच्या आयुष्यात विणलेलं काही पहिल्यांदाच उसवलं गेलं, आणि तेही माझ्या चुकीमुळे, हे त्या चार पाहुण्यांसमोर आवर्जून सांगतात. दुसऱ्या खेपेला अननस उंच आणि टोकदार आलं. काकूंनी ते उलटं धरून पाहिलं. "हे तर केळफूल आहे व माय! अननस कायले पाहिजे? आपल्याकडे कुठी पिकतं ते?"

तिथून नमुना संपला आणि शाल सुरू झाली. काका बागेतून आले, हातपाय धुतले आणि शालीकडे बघून म्हणाले, "केळफूल आहे, मग घड कुठे गेला?" चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी क्रोशावर व्यक्त केलेलं हे पहिलंच मत. ते वाया कसं जाणार? पाच खांब एकत्र गुंडाळून फुगीर केळी झाली, केळींची फणी झाली, फणीखाली फणी. चांगल्या घडाला नऊ फण्या तरी हव्यात, हा काकांचा आग्रह. कागदावरची शाल पिसासारखी हलकी होती, कारण ती बारीक लोकरीची होती. काकूंनी ती वीस नंबरच्या सुती दोऱ्यात घेतली. रावेरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, लोकर हातात तरी धरवेल का? तेव्हा शाल सुती, त्यात घड. काकांनी ती उचलून पाहिली आणि वजनाचा अंदाज सांगितला, तो व्यापाऱ्याला सांगतात त्याच आवाजात.

त्रिकोणी शालीची एक मेख आहे. दर ओळ आधीच्या ओळीपेक्षा लांब असते. शंभर ओळींची शाल धरली तर निम्मा दोरा संपतो तेव्हा सत्तर ओळी झालेल्या असतात, आणि उरलेल्या तीस ओळी बाकीचा निम्मा खातात. मुलीच्या लग्नाचा खर्च असाच चालतो. काकूंना सत्तराव्या ओळीला वाटलं, झालंच की. ऐंशीला गुंडे संपले. दुकानात पांढरा होता, पण तो वेगळा पांढरा. जुना मोतिया, नवा नीळ घातल्यासारखा. मी म्हटलं, आता दिसणार. काकूंनी मधे हिरव्याची एक ओळ टाकली, तिला पानं म्हणाल्या, आणि पानांखालचा पांढरा वेगळाच असायला हवा असं स्वतःला पटवून पुढे निघाल्या.

ह्या काळात मी थोडं वाचनही केलं, काकूंना गप्प करावं म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आयर्लंडात बटाटा सडला, दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कित्येक घरांची चूल बायकांच्या क्रोशाच्या लेसवर पेटली. फूल वेगळं, पान वेगळं विणायचं आणि मग जाळीनं जोडायचं. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरच्या बायका आजही परदेशासाठी लेस विणतात. मारिया मीस ह्या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. दिवसभर विणूनही ह्या बायका कामगार ठरत नाहीत, घरी बसणाऱ्या गृहिणीच समजल्या जातात, हे त्यांनी दाखवलं. मी हे वाचून दाखवत असताना काका आतून म्हणाले, "घरीच तर बसलेली असते." ओट्यावर बराच वेळ फक्त सुईचा आवाज आला. त्या रात्री वांग्याच्या भरतात मीठ नव्हतं. काकूंनी थोडासाच बदल केला होता.

नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं हेही मी सांगितलं. "म्हणजे काय?" आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालं, तसं. काकूंनी काकांकडे पाहिलं. "मग त्यानं भाव वाढला काय?" काकांनी पेपर तोंडासमोर धरला.

शाल झाल्यावर ती भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवायची असते. त्याशिवाय लेसची जाळी उघडत नाही. कागदावर साधं पाणी लिहिलं होतं. काकूंनी तांदळाची पेज घेतली. गच्चीवर दोन खाटा, एकीवर बिबड्या, दुसरीवर शाल, आणि राखणीला पुतण्या. संध्याकाळी दोन्ही एकदमच वाळल्या. बिबड्या डब्यात गेल्या. शाल खाटेवरून उचलली तर ती त्रिकोणीच उभी राहिली. खांद्यावर घ्यायची तर आधी तिला बसायला सांगावं लागलं असतं. पुढे तीन पाण्यांतून काढल्यावर ती नरमली, आणि मग मात्र, खोटं कशाला बोलू, उन्हात धरली तेव्हा मी गप्प झालो. केळफुलाखाली घड, घडाखाली पानं, आणि खालचा पांढरा वरच्यापेक्षा खरोखरच गार दिसत होता. काका म्हणाले, "स्कर्टिंग बॅगपेक्षा बरी आहे." केळीच्या घडाला थंडीवाऱ्यापासून जपायला घालतात ती पिशवी. बागाईतदाराकडून ह्याहून मोठी पावती मिळत नाही.

शाल अमेरिकेत पोचली. तिकडे कोणीतरी बहिणीला विचारलं, नमुना कुठला? तिनं फोन केला, "आई, लिहून पाठव." काकूंनी मला बोलावलं, वही दिली, "लिही बापू."

तीन महिने झाले. रोज संध्याकाळी चार ते पाच त्या सांगतात, मी लिहितो. वहीत आतापर्यंत सोळा ओळी झाल्या आहेत. त्यातल्या नऊ खोडलेल्या आहेत.