जस्त गेलं ते बरंच झालं

भाऊकाकांनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या नजरेत पसंत केली नाही. हापूसची पेटी घेताना ते वरचा थर बाजूला सारून तळातलं फळ देठाशी हुंगायचे. नारळवाल्याचे सगळे नारळ कानाशी वाजवून झाल्यावर "उद्या नवा माल येतोय ना?" असं विचारायचे. पुतणीला सांगून आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी 'मुलगा हसताना एकाच बाजूनं हसतो' एवढ्यावर घालवलं होतं. पुढे पोटापाण्यासाठी ते इंग्लंडात आले आणि या स्वभावाला पगार मिळू लागला. एसेक्स परगण्यातल्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर झाले. मिलिमीटरच्या शतांशावरून माल परत पाठवण्यात त्यांची हयात गेली. घरी येताना वाटेत दुकानात थांबून आदल्या दिवशीची इस्त्री परत करायची, हा विरंगुळा.

असा माणूस निवृत्तीनंतर एका शनिवारी बर्नहॅम-ऑन-क्राउचच्या खाडीकाठी फिरायला जातो, चिखलात उभी असलेली साठ वर्षांची, कुणीतरी घरी बांधलेली लाकडी शिडाची होडी पाहतो आणि चहा निवायच्या आत "घेतली" म्हणतो. बिल नाही, कंपनी नाही, हमी नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा तीन बैठका झाल्या होत्या. तिसऱ्या बैठकीला फुटपट्टी आणली होती."

होडी 'इव्हनटाइड' जातीची होती. हे नाव भाऊकाका हल्ली कुलदैवताचं घ्यावं तसं घेतात. चोवीस फूट लांबीच्या या होडीचे आराखडे 1950च्या दशकात मॉरिस ग्रिफिथ्स नावाच्या गृहस्थांनी काढले, आणि ते मुद्दाम अशा माणसांसाठी काढले, की ज्यांना समुद्राची हौस आहे, रंधा चालवता येतो, पण तयार नौका घ्यायला पैसा नाही. युद्धात प्लायवुडची विमानं बनली, त्यापायी पाण्याला दाद न देणारा सरस आला, आणि मग कारकून, मास्तर, बसचालक असे सगळे परसदारी होड्या बांधू लागले. होडीच्या मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना दोन जाड पाय असतात. ओहोटीला पाणी गेलं तरी ती कलंडत नाही, चिखलात ताठ उभी राहते. एसेक्सच्या उथळ खाड्यांत दिवसातून दोनदा पाणी जातंच, तेव्हा ही सोय म्हणजे चैन नव्हे.

भाऊकाकांची होडी कुणा हौशी माणसानं आराखडा समोर ठेवून बांधली होती, पण आराखड्याचं सगळंच त्यानं ऐकलं होतं असं नाही. केबिनची डावी खिडकी उजवीपेक्षा बोटभर खाली आहे. भांड्यांच्या कपाटाला स्वयंपाकघरातल्या जुन्या ओट्याचा चिनी मातीचा मुठा आहे, आणि दुसऱ्या कपाटाला तो नाही, कारण ओट्याला एकच असणार. इस्त्रीची वायर चार सेंटिमीटर आखूड म्हणून परत करणारे भाऊकाका या खिडकीकडे बोट दाखवून म्हणतात, "हातानं केलेलं काम असं असतं बघ. कारखान्यात ही मजा नाही." कारखान्यात ही मजा येऊ नये म्हणून तीस वर्षं कोण पगार घेत होतं, हे विचारायची कुणाची छाती नाही.

जुन्या लाकडी होडीचा विमा उतरवायचा तर विमेवाले आधी सर्व्हेअरचा अहवाल मागतात. सर्व्हेअर आला, तो म्हणजे भाऊकाकांचीच तरुण आवृत्ती. हातात छोटी हातोडी आणि टोच्या. तो ठोकत चालला. चांगलं लाकूड ठक्क वाजतं. डोलकाठीच्या पायथ्याशी आवाज बदलला आणि टोच्या मुठीपर्यंत आत गेला. समुद्राचं खारं पाणी लाकडाला तेवढं बाधत नाही, त्याला कुजवतं ते वरून झिरपणारं पावसाचं गोडं पाणी, आणि इंग्लंडात त्याची वानवा नाही. मग त्यानं तळाच्या फळीतला एक पितळेचा स्क्रू काढला. बाहेरून धड दिसत होता, मोडल्यावर आतून गुलाबी निघाला, आणि चिमटीत त्याचा चुरा झाला. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं, त्याच्यात जीव नसतो. सर्व्हेअरनं तो चुरा भाऊकाकांच्या तळहातावर ठेवला.

"जस्त गेलं ते बरंच झालं," भाऊकाका म्हणाले. "राहिलं ते शुद्ध तांबं."

अहवाल सतरा पानांचा आला. मी तो वाचताना भाऊकाका समोर बसून एकेका कलमाचा वकील झाले. केबिनचं छत भुसभुशीत? म्हणजे लाकडाला हवा मिळतेय. इंजिन गंजून जाम? शिडाच्या होडीला इंजिन हवंच कशाला? खालचे लोखंडी बोल्ट काढून तपासावेत? इथे ते थोडे गप्प झाले, मग उसळून म्हणाले, "अरे, ग्रिफिथ्सना युद्धात जर्मन सुरुंग निकामी करण्याबद्दल जॉर्ज पदक मिळालंय! त्यांच्या होडीत हा टोच्या खुपसतो!" सुरुंग आणि बोल्ट यांचा संबंध मला लागला नाही. पण प्रेमात पडलेल्या माणसाला संबंध लागतो, आणि पुराव्यानिशी लागतो.

बोल्ट बदलले. स्क्रू बदलले, नवे कांस्याचे. पायथ्याचं कुजकं लाकूड कापून नवं बसवलं. हिवाळाभर ताडपत्रीखाली खरवडणं आणि वार्निश चाललं होतं. मालवणहून बहिणीनं उंडीच्या तेलाची बाटली पाठवली. आपल्याकडे होड्यांना लावतात, म्हणून. त्या वासानं शेजारच्या होडीवाल्या जोडप्यानं आपली होडी यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला हलवली. भाऊकाकांच्या मते त्यांना तिथे ऊन हवं होतं.

खरी गंमत पाण्यात उतरल्यावर. इंग्लंडात साधी मोपेड चालवायला परवाना लागतो, पण स्वतःच्या हौशीसाठी शीड उभारून समुद्रात निघायला काही लागत नाही. अडचण वेगळीच होती. होडी शनिवार-रविवारी न्यायची, कारण सोबतीला येणारा मुलगा नोकरदार. आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या शनिवारी दुपारी खाडी तुडुंब असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी होडी चिखलात. बाकीचे लोक छापील वेळापत्रक पाहतात. भाऊकाकांनी दाते पंचांग मागवलं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोकणातला हिशेब: अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा हिशेब एसेक्सलाही अर्धा-पाऊण तासाच्या फरकानं लागू पडतो, फक्त उन्हाळ्यात तिथलं घड्याळ तासभर पुढे असतं तेवढं धरायचं. चंद्र एकच, त्यामुळे यात चमत्कार नाही. पण दोन किनाऱ्यांचं घड्याळ असं जुळावं हा योगायोग खरा. भाऊकाकांनी ते बंदरातल्या एका जुन्या नावाड्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, पंचांग चाळलं आणि विचारलं, "यात वारा कुठल्या पानावर आहे?"

आणि तो अर्धा-पाऊण तास! क्राउचच्या मुखाशी, पाणी उतरत असताना, तेवढाच पुरतो. गेल्या अष्टमीला होडी वाळूच्या दांड्यावर बसली ती सहा तास. दोन पायांवर ताठ उभी, तक्रार शून्य. काकूंनी डबा उघडला. लांबून आम्हाला पाहून कुणीतरी मदतीला फोन केला असावा. आरएनएलआय ही 1824 सालापासून समुद्रात माणसं वाचवणारी संस्था, तिची बोट आली. स्वयंसेवकांनी खुशाली विचारली, पैसे घेतले नाहीत, थालीपीठ घेतलं. भाऊकाकांनी संस्थेला लगेच वार्षिक देणगी सुरू केली. आजवर त्यांनी परत न मागितलेले हे पहिलेच पैसे. "आणि बघितलंस ना," ते मला म्हणाले, "फायबरची असती तर आडवी झाली असती." फायबरच्या होड्यांनाही असे पाय असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात आमच्या महाराष्ट्र मंडळातला एक तरुण फायबरची होडी घ्यायला निघाला आणि सल्ल्याला भाऊकाकांना घेऊन गेला. मीही होतो. भाऊकाकांनी कोट काढला आणि जुने भाऊकाका बाहेर आले. त्यांनी तळावर बोटं फिरवून फोड शोधले, दमटपणाचं यंत्र टेकवलं, नळ उघडझाप केले, शिडाची शिवण उन्हात धरली, बिलांची फाइल तारीखवार लावून पाहिली. दोन तासांनी हात पुसत ते बाहेर आले. तरुणानं धीर करून विचारलं, "काका, काय काय निघालं?"

"काहीच निघालं नाही," भाऊकाका चेहरा पाडून म्हणाले. "घेऊ नकोस."