आधी नऊ, मग शून्य

ऑफिस हलवायचं ठरलं की लोक आपापल्या मगदुराप्रमाणे काळजीत पडतात. अकाउंट्सला कपाटांची काळजी, सेल्सला पार्किंगची, साहेबांना मुहूर्ताची. ॲडमिनचे अण्णा सगळ्यांचं ऐकून घेतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "ते सगळं होईल हो. टोन कधी येणार?"

टोन म्हणजे डायलटोन. रिसीव्हर कानाला लावल्यावर येणारा तो अखंड घूंऽऽ. अण्णांच्या लेखी जिथे टोन तिथे ऑफिस. बाकी टेबलं, खुर्च्या आणि माणसं हे सगळं फर्निचर.

पेठेत जन्मलेली आणि पुढे पेठेत न मावणारी अशी कुठलीही पुणेरी कंपनी घ्या, तिथे एक अण्णा असतातच. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर, ॲडमिन' असं काहीतरी छापलेलं असतं, पण ते कार्ड त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही. वय निवृत्तीच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. बगलेत लाल कापडी बांधणीची वही. वहीत कंपनीची सगळी एक्स्टेन्शनं, कुठली जोडी कुठल्या क्रोन बॉक्समधून कुठे जाते, कुठल्या पावसाळ्यात वीज पडून कुठलं कार्ड उडालं, आणि प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर. सर्व्हर कोसळला तर कंपनी दोन दिवसांत उभी राहील. ही वही हरवली तर काय होईल हे कुणी बोलून दाखवत नाही.

मी ज्या अण्णांबद्दल सांगतोय त्यांची कंपनी पाण्याच्या मोटारी आणि पंप विकते. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर ऑफिस, आणि माल वाघोलीच्या गोदामात. शेवटी मालकांनी ऑफिसही वाघोलीलाच न्यायचं ठरवलं. सदाशिव पेठेला ही बातमी सीमोल्लंघनासारखी वाटली. "म्हणजे पुणे सोडायचं?" असं कॅशिअरबाई अगदी कातर आवाजात म्हणाल्या. अण्णांनी तारीखच तोंडावर टाकली. "30 जून 2021. त्या दिवशी 23 गावं महापालिकेत आली, त्यात वाघोली आहे. पुण्यातून पुण्यातच जातोय आपण." बाईंनी पिनकोड विचारला. 412207. खोलीत शांतता पसरली. 411030 मध्ये हयात घालवलेल्या माणसाला 411 चं 412 होणं म्हणजे काय, ते पुण्याबाहेरच्यांना कळायचं नाही.

नंबरची गोष्ट याहून गंभीर होती. कंपनीचा लँडलाइन नंबर पुण्याचा एसटीडी कोड 0212 होता तेव्हापासूनचा. पुढे 020 आलं, नंबरही आठ आकडी झाला, पण शेपूट तेच राहिलं. हा नंबर प्रत्येक पंपाच्या पत्र्यावर ठोकलेला आहे. पारनेरच्या एखाद्या विहिरीत पाण्याखाली, शेवाळाखाली तो आजही असेल, आणि मोटार जळाली की शेतकरी तोच लावणार. सेल्समधला एक तरतरीत मुलगा म्हणाला, "अण्णा, पोर्ट करून टाकू ना." अण्णांनी त्याच्याकडे आजोबांच्या नजरेने पाहिलं. "बाळा, पोर्ट होतो तो मोबाईल. 20 जानेवारी 2011 पासून. लँडलाइनची मुळं जमिनीत असतात." मग त्यांनी तोडगा सांगितला. जुनी लाइन पेठेत जिवंत ठेवायची, जागामालकाच्या जिन्याखाली एक पेटी बसवायची आणि तिथून कॉल वाघोलीच्या नव्या नंबरवर वळवायचा. किती दिवस? "विहिरी आटेपर्यंत."

आता खरा सामना. आयटीच्या तरुण मॅनेजरचं म्हणणं असं की टेबलावर फोन हवाच कशाला? प्रत्येकाच्या मोबाईलवर ॲप टाका, नंबर क्लाउडमध्ये ठेवा, संपलं. अण्णांचा क्लाउडला विरोध नाही. फक्त त्यांना तो दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला टॅग लावता येत नाही. शिवाय त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. जुन्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचे 48 व्होल्टही यायचे. वीज गेली, अख्खा वाडा अंधारात बुडाला तरी फोन वाजायचा. फायबरमधून येतो नुसता उजेड, करंट येत नाही. त्यामुळे भिंतीवरच्या डबीला वीज लागते, राउटरला लागते, फोनला लागते. "म्हणजे महावितरण गेलं की आपण मुके," अण्णा म्हणाले, "आणि मोटार जळते ती नेमकी वीज जाऊन-येऊन करते तेव्हाच. त्याच वेळी गिऱ्हाईक फोन करणार." या वाक्यावर मालकांनी इन्व्हर्टरची बॅटरी दुप्पट मंजूर केली. आयटीवाल्याने नंतर मला खाजगीत सांगितलं की एवढी वर्षं तो जे प्रेझेंटेशन करून मागत होता, ते अण्णांनी एका जळक्या मोटारीवर मिळवलं.

लाइनी किती घ्यायच्या यावरही बैठक झाली. पीआरआय घेतली तर एका लाइनवर एकाच वेळी तीस जण बोलू शकतात, असं कळल्यावर मालक दचकले. "आपल्याकडे तीस जण काम तरी करतात का एका वेळी?" शेवटी आयटीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे इंटरनेटवरून येणारी सिप लाइन ठरली. मात्र अण्णांनी अट घातली की फायबर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची हवी, आणि एक रस्त्याच्या या कडेने आली तर दुसरी त्या कडेने. नगर रोडला कुठे ना कुठे खोदाई चालूच असते. पण जेसीबी एका वेळी एकच बाजू उकरतो, यावर अण्णांची श्रद्धा आहे. महापालिकेवर एवढा विश्वास ठेवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

एक्स्टेन्शनच्या वाटपाचं मात्र थोडक्यात सांगतो, कारण त्यात अजून दोघांचं बोलणं बंद आहे. 201 मालकांचं, हे निर्विवाद. 202 कुणाचं यावर सेल्स आणि पर्चेस भांडले, आणि अण्णांनी 202 पँट्रीला दिलं.

खरे अण्णा दिसले ते होल्डच्या वेळी. फोन करणाऱ्याला ताटकळत ठेवताना त्याच्या कानात काय घालायचं, हा प्रश्न पंधरा माणसांच्या कंपनीत कुणाला पडतो? अण्णांना पडतो. त्याचं एक कारण म्हणजे त्यांची लाडकी गोष्ट, जी ते चहाच्या वेळी दर नव्या भरतीला ऐकवतात. अमेरिकेत आल्फ्रेड लेव्ही नावाचा एक कारखानदार होता. त्याच्या कारखान्यात टेलिफोनची एक सुटी तार लोखंडी तुळईला चिकटली आणि अख्खी इमारत रेडिओचा एरियल झाली. शेजारच्या रेडिओ स्टेशनचं संगीत होल्डवरच्या गिऱ्हाइकांना ऐकू यायला लागलं. लेव्हीने 1962 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 1966 मध्ये ते मिळालंसुद्धा. गोष्ट खरी आहे. अण्णांनी तिचा व्यवहारात उपयोग केला एवढंच विशेष. वाघोलीच्या ऑफिसला गोदामासारखाच पत्र्याचा माथा आणि लोखंडी कैच्या आहेत. वायरमन काम आटोपून निघाला तेव्हा अण्णांनी त्याला पुन्हा शिडीवर चढवलं आणि एकही तार लोखंडाला टेकलेली नाही याची खात्री करून घेतली. "आपल्याकडे रेडिओ नको. बाजारभाव सांगायला लागला तर गिऱ्हाईक मोटारीचं विसरून कांद्याचं बोलेल."

जुन्या ईपीएबीएक्समध्ये एक चिप होती. ती बेथोवनची 1810 मधली एक नाजूक पियानोरचना पिपाणीच्या आवाजात वाजवायची. एके काळी गाड्या रिव्हर्स घेतानाही असल्याच धुना वाजत, त्यामुळे सेल्समधला एक जण होल्डवर गेला की नकळत मागे वळून बघायचा. नव्या ऑफिसला नवं संगीत हवं, यावर एकमत झालं. पुढे काही झालं नाही. कुणी नाट्यगीत सुचवलं, कुणी अभंग. तरतरीत मुलाने सिनेमाचं गाणं सुचवलं. अण्णांनी वही उघडली. "कॉपीराइट कायदा, 1957. दुसऱ्याचं गाणं धंद्याच्या फोनवर वाजवायचं तर परवाना लागतो. भरतोस पैसे?" सनई लावून पाहिली, तर पहिल्याच गिऱ्हाइकाने "कार्यालय का?" म्हणून विचारलं. बासरी लावली तर कॅशिअरबाईंना चाचणी घेता घेता डुलकी लागली. तबला लावला, तो बरा वाटला, पण द्रुत लयीला माणूस चिडतो असा मालकांचा अनुभव निघाला. अखेर पर्चेसवाल्यांच्या मुलीने स्वतः वाजवलेली सतार रेकॉर्ड केली. ती फार चांगली नाही. पण फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि मध्ये एकदा ती चुकून थांबते तेव्हा गिऱ्हाइकाला वाटतं, कुणी उचलला.

मग संदेश. मार्केटिंगच्या मुलीने तयार मजकूर आणला, तोच तो, तुमचा कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे वगैरे. अण्णा म्हणाले, "हे खोटं वाटतं."

"अण्णा, सगळे असंच म्हणतात."

"म्हणूनच."

त्यांनी स्वतः लिहिलेला मसुदा मी वाचला आहे. 'नमस्कार. कृपया थांबा. ज्यांच्याशी बोलायचे आहे ते खरोखरच दुसऱ्या फोनवर आहेत. दुपारी एक ते दोन जेवणाची वेळ आहे, तेव्हा थांबू नये. मोटार जळाली असल्यास मेन स्विच बंद करून मगच बोलावे.' मुलगी म्हणाली, यात ब्रँड कुठेय? मला विचाराल तर 'खरोखरच' या शब्दात होता. असो. 'थांबू नये' काढून 'नंतर फोन करावा' केलं, बाकी तसंच राहिलं. मराठी पहिल्यांदा, मग हिंदी, मग इंग्रजी, हा क्रम बैठकीत कुणी काढायच्या आतच अण्णांनी रेकॉर्ड करून टाकला होता. आवाज कॅशिअरबाईंचा. थकबाकी मागायचा सराव असल्यामुळे त्या 'कृपया' म्हणाल्या तरी माणूस सावरून बसतो.

पत्त्यापाशी पुन्हा गाडी अडली. मार्केटिंगला 'अपर खराडी' म्हणायचं होतं. वाघोलीतल्या बिल्डरांच्या जाहिरातींत हे नाव सर्रास असतं, आणि तिथे ते शोभतंही, कारण तिथे सगळंच अजून बांधायचं असतं. अण्णा म्हणाले, "शेतकरी 'अपर' शोधत डोंगरावर जाईल. वाघोली म्हणा. वाघेश्वराचं देऊळ माहीत नाही असा माणूस नगर रोडला नाही. पिलाजी जाधवरावांचं गाव आहे ते, आपण काय त्याला नाव ठेवणार." अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा रस्त्याला काय म्हणायचं, असाही एक उपप्रश्न निघाला. अण्णांनी 'नगर रोड' कायम ठेवलं, कारण कुठल्याही बाजूने ते चुकत नाही.

आणि मग त्यांना ते सुचलं, जे कुठल्याही सल्लागाराला पैसे मोजून सुचलं नसतं. पेठेतल्या, कोथरूडच्या, सिंहगड रोडच्या गिऱ्हाइकाला वाघोली लांब. शिरूर, पारनेर, नगरच्या गिऱ्हाइकाला तीच वाघोली जवळ, त्याची शहरातून गाडी घालायची कटकट वाचली. एकाच बातमीला दोन तोंडं. तेव्हा संदेशही दोन. 'पुणे शहरातून बोलत असल्यास एक दाबा. शिरूर-नगरकडून बोलत असल्यास दोन दाबा.' एक दाबलं की बाईंचा आवाज दिलगिरी व्यक्त करतो, माल घरपोच मिळेल असं सांगतो. दोन दाबलं की तोच आवाज प्रसन्न होऊन म्हणतो, आम्ही आता तुमच्या जवळ आलो आहोत. मालक ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "अण्णा, जागा घेताना हे मला सुचलं असतं तर मी बायकोला नीट समजावून सांगितलं असतं."

सामान हललं त्या रविवारी अण्णा ट्रकमध्ये बसले नाहीत. एक टोळी पेठेत, एक वाघोलीत, आणि अण्णा दर अर्ध्या तासाने जुन्या नंबरवर फोन लावून नव्या ऑफिसात वाजतो का ते पाहत होते. प्रत्येक टेबलावर त्यांनी चिठ्ठी डकवली होती: 'बाहेर लावताना आधी नऊ, मग शून्य.' नऊ बाहेरच्या लाइनसाठी. शून्य मोबाईलसाठी, 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना तो आधी लावावाच लागतो म्हणून. आयटीवाला म्हणाला, "अण्णा, नव्या सिस्टीमला नऊ लागत नाही. शून्य मी आपोआप लागेल असं केलंय." अण्णांनी एक दिवस विचार केला आणि त्याच्याकडून सिस्टीममध्ये नऊ पुन्हा घालून घेतला. लोकांची बोटं बिघडायला नकोत.

सोमवारी दहाला ऑफिस उघडलं. मालक अजून खराडी बायपासलाच होते, पुढची गाडी हलत नव्हती. त्यांनी मोबाईलवरून ऑफिसला फोन लावला. शहरातून बोलत असल्याने एक दाबला, दिलगिरी ऐकली. मग 201 मागितला. 201 वर अर्थातच कुणी नव्हतं. सतार सुरू झाली. बाई म्हणाल्या, ज्यांच्याशी बोलायचे आहे ते खरोखरच दुसऱ्या फोनवर आहेत. सतार थांबली, मालक "हॅलो" म्हणाले, सतार पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळाने अण्णांनी फोन उचलला.

"अण्णा, मी बोलतोय! केव्हाचा होल्डवर आहे!"

"माहितीय साहेब. स्क्रीनवर दिसत होतं तुमचं नाव."

"मग उचलला का नाही?"

"शेवटचं 'स्विच बंद करून मगच बोलावे' नीट ऐकू येतं की नाही, ते बघायचं होतं," अण्णा म्हणाले. "आलं ना?"