पत्ता खरवडून कचरा टाकणाऱ्या गृहस्थांस अनावृत पत्र

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीच्या बरोबर खाली पडलेल्या तुमच्या पिशवीत ते सापडायला हवं होतं, पण तुम्ही ते राहू दिलं नव्हतं. पिशवीत कुरिअरचा पुठ्ठ्याचा खोका होता आणि त्यावरची पत्त्याची चिठ्ठी नखाने खरवडून काढलेली होती. एक कोपरा पुठ्ठ्याला घट्ट चिकटून बसला होता. त्यावर बॉलपेनने इतक्या वेळा गिरवलं होतं की पुठ्ठ्याला भोक पडलं होतं.

त्या गिरवलेल्या कोपऱ्यामुळे हे पत्र लिहिते आहे. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला लोक सहसा अडाणी म्हणतात, बेफिकीर म्हणतात. तुम्हाला यातलं काहीच म्हणता येत नाही. तुम्हाला पाटी वाचता येते. बेफिकीर माणूस पत्ता खरवडत बसत नाही. हे काम लाज वाटण्यासारखं आहे, पकडले गेलो तर दंडाची पावती फाटेल, चार लोकांत नाचक्की होईल, हे सगळं तुम्हाला पक्कं माहीत आहे. ते माहीत असताना तुम्ही घरात बसून पुरावा पुसलात. तेवढ्याच वेळात भाजीची देठं एका डब्यात आणि पुठ्ठा दुसऱ्या पिशवीत गेला असता. तेव्हा ‘वेळ कुठे असतो हो सकाळी?’ हे यापुढे कुणालाही सांगू नका. निदान मला तरी सांगू नका.

तुमची पद्धत गल्लीतल्या लोकांना आता पाठ झाली आहे. पिशवी स्कूटरवर पायांच्या मधे ठेवलेली असते. वळणावर गाडीचा वेग जरासा कमी होतो, ब्रेकचा दिवा लागतो, डावा पाय बाहेर सरकतो आणि पिशवी फुटपाथच्या कडेला घरंगळते. तुम्ही मागे वळून पाहत नाही. नेम चांगला आहे, तो रोजच्या सरावाने आला आहे. हेल्मेटची काच खाली असते, त्यामुळे चेहरा दिसत नाही. शिरस्त्राण हे डोकं वाचवण्यासाठी असतं, तोंड लपवण्यासाठी त्याचा वापर करणारे तुम्ही या रस्त्यावरचे एकमेव नाही, पण सगळ्यांत नियमित तुम्हीच.

त्यानंतर काय होतं ते तुम्ही कधी पाहिलेलं नाही. तोवर तुम्ही सिग्नलही ओलांडलेला असतो. म्हणून सांगते.

पहिल्या पिशवीला फार वेळ एकटं राहावं लागत नाही. एक पडली की दुसऱ्याला धीर येतो, तिसऱ्याला ती कचऱ्याचीच जागा वाटू लागते. महापालिकेच्या भाषेत अशा जागेला ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात, जुनाट दुखणं असावं तसं. आमच्या कोपऱ्यावर मुकादमांनी उभं राहून जागा धुऊन घेतली, रांगोळी घातली, कुंड्या ठेवल्या. भिंतीवर देवांच्या टाइल्स आधीपासून आहेतच. तुमची पिशवी गणपतीच्या टाइलखाली, तुळशीच्या कुंडीला टेकून पडली होती. घरच्या देवाला रोज ताजी फुलं लागत असतील तुम्हाला. पिशवीत सुकलेल्या झेंडूचं निर्माल्यही होतं, डायपरच्या शेजारी.

हे सगळं मला कळलं, कारण पिशवी उघडली गेली तेव्हा मी तिथेच होते. ती उघडणाऱ्या मावशी आमच्या इमारतीचा कचरा नेतात. कोपऱ्यावरची घाण उचलणं हे त्यांचं कामही नाही. कुत्र्यांनी पिशवी ओढायला सुरुवात केली आणि पोळ्यांचे तुकडे रस्त्यावर पसरायला लागले, तेव्हा ढकलगाडी बाजूला लावून त्या वाकल्या. गाठ सुटेना. तुम्ही गाठ फार घट्ट मारता. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी पिशवी फाडली. आत चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, उरलेली आमटी थेट ओतलेली, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, तो खोका आणि सगळ्यांच्या तळाशी फुटलेला काचेचा ग्लास. ग्लास तुमच्या घरी फुटला, तेव्हा तुम्ही घरच्यांना नक्कीच ओरडून सांगितलं असेल, ‘सरका, पाय ठेवू नका, काच आहे!’ इथे सांगायला कुणी नव्हतं. मावशींच्या मधल्या बोटाला ती अशी लागली की हातमोज्याच्या आतून रक्त ठिबकायला लागलं.

त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, काच असली तर कागदात गुंडाळून येगळी द्यावी. एवढंच म्हणणं हाय आमचं.”

एवढंच म्हणणं. या शहरात ते किती वर्षं सांगितलं जातं आहे, तेही ऐका. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली पुण्यातल्या कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरडे आणि कचराकुंड्या उपसून पोट भरणाऱ्या बायकांनी तेव्हा मागणी केली ती ओळखपत्राची आणि कामगार म्हणून मान्यतेची. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. कुंडीत वाकून कचरा वेचणारी बाई तुमच्या दारात सन्मानाने येऊन तो घेऊन जाईल, अशी ती रचना आहे. घरटी महिन्याला मोजके पैसे, तुमच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून कितीतरी कमी. ते वाचवायला तुम्ही रोज स्कूटरवर ही कसरत करता.

पैसे वाचवताना कुणाच्या खिशातून काढता, तेही बघा. सुका कचरा विकून येणारे पैसे या बायकांचे असतात. त्यांच्या कमाईतला तो मोठा भाग आहे. कोरडा पुठ्ठा भंगारवाला वजनावर घेतो, आमटीत भिजलेला घेत नाही. तुम्ही खोका आमटीच्या पिशवीत कोंबला, त्या क्षणी त्यांच्या मजुरीतला एक हिस्सा नासला. ओल्याचंही तेच. देठं, साली, चोथा वेगळे असते तर त्यांचं खत झालं असतं, गॅस झाला असता. त्यात काच, डायपर आणि औषधांच्या पट्ट्या मिसळल्यावर ते कशाच्याच कामाचं राहत नाही.

डायपर आणि पॅड यांबद्दल वेगळं लिहिते, कारण हा विषय लोक कुजबुजत बोलतात आणि मग उघडेच फेकतात. याच बायकांनी २०१३ साली वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले होते. तुमचा माल आम्ही रोज उघड्या हातांनी उचलतो, जरा तुम्हीही बघा, असं सांगायला. त्यानंतर लाल ठिपक्याची मोहीम आली: वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने ठिपका द्या, वेगळं द्या. ठिपका दिसला की आत काय आहे ते हात न घालता कळतं. यापेक्षा सोपं या जगात काही असेल असं मला वाटत नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी तर हे कायद्यातच घातलं: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायचा, पॅड आणि डायपर गुंडाळून द्यायचे, रस्त्यावर, नाल्यात, नदीत काही टाकायचं नाही. तुमची ती भाजीवाल्याकडून आलेली पातळ पिशवीसुद्धा २०१८ पासून राज्यात बंद आहे. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजारांचा दंड. एका पिशवीत तुम्ही किती नियम मोडून दाखवता!

आता तुमचं नेहमीचं उत्तर, तुमच्यासारख्या अनेकांच्या तोंडून ऐकलेलं: ‘आम्ही कर भरतो. महापालिका काय करते?’

महापालिकेचं पुष्कळ चुकतं. शहर कंटेनरमुक्त करायच्या नादात रस्त्यावरच्या कुंड्या गेल्या आणि चालत्या माणसाला हातातला कागद टाकायलाही जागा उरली नाही. झाडणाऱ्यांची संख्या कमी, हातमोजे वेळेवर मिळत नाहीत. रात्रपाळी करून झोपलेल्या किंवा पहाटे सहाला घर सोडणाऱ्या भाडेकरूच्या दारात ढकलगाडी येते ती चुकीच्या वेळी. अशा माणसाच्या अडचणीबद्दल मला सहानुभूती आहे. अशांसाठी इमारतीत खाली झाकणाचे दोन डबे ठेवणं सोसायटीला सहज जमतं, काही सोसायट्यांनी ते केलंही आहे. पण तुम्ही त्यांतले नाही. तुमची स्कूटर वळते तेव्हा मावशींची ढकलगाडी पुढच्याच इमारतीपाशी उभी असते. तुम्ही तिला वळसा घालून जाता.

हा वळसा मला कचऱ्यापेक्षा जास्त झोंबतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका बहुतांशी दलित आहेत आणि हा योगायोग नाही. आपली घाण कुणीतरी खालचं माणूस निमूटपणे काढेल, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलं गेलं. तुम्ही जातपात मानत नसाल. तरीही पिशवी रस्त्यावर सोडताना तुमच्या पायाला पक्की खात्री असते की कुणीतरी ती उचलणार. ते ‘कुणीतरी’ कोण असतं हे या शहरात लहान मुलालाही माहीत आहे.

आणि इथून उचललेलं जातं कुठे? पुण्याचा कचरा १९८०च्या दशकापासून उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. ओला-सुका न निवडलेला कचरा कुजला की त्यातून काळं पाणी झिरपतं. त्या गावांच्या विहिरी त्याने नासल्या. शेती असलेली, पाण्याने सुखी गावं टँकरकडे डोळे लावून बसली. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ शहराचा कचरा शहरातच साचला. चौकाचौकात ढीग लागले. तुमच्या घरातही तेव्हा खिडक्या बंद कराव्या लागल्या असतील. फुरसुंगीच्या बाईला आपल्या खिडक्या कितीतरी वर्षं बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तिने कुणाच्या दारात पिशवी टाकली नव्हती.

जे डेपोला जात नाही ते पाण्यात जातं. आमच्या घरांच्या मागून आंबिल ओढा वाहतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याला पूर आला, भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, पुण्यात आणि आसपास वीसच्या वर माणसं गेली. त्या रात्रीचा दोष एकट्या कचऱ्यावर टाकणं खोटं ठरेल. पाऊस भयंकर होता आणि ओढ्याचं पात्र वर्षानुवर्षं गिळलं गेलं होतं. पण पावसाळ्याआधी त्या ओढ्याच्या मोऱ्या साफ होताना जाऊन उभे राहा. जेसीबीच्या तोंडातून गाळाबरोबर ज्या पिशव्या लोंबत बाहेर येतात, त्या आभाळातून पडलेल्या नसतात. माझ्या ओळखीच्या लोकांच्या घरात त्या रात्री छातीएवढं पाणी होतं. म्हणून या विषयावर मला शांतपणे बोलता येत नाही, आणि बोलायची इच्छाही नाही.

तुम्ही मेट्रोने जात असाल तर स्थानकात चिप्सचं पाकीट खाली टाकत नाही. मॉलमध्ये नाही, कचेरीत नाही. म्हणजे सवय आहे, शिस्त आहे. ती कुठे पाळायची आणि कुठे नाही, हे तुम्ही निवडता. जिथे कुणी बघतं आणि जिथे साफ करणाऱ्याचा गणवेश चांगला असतो, तिथे पाळता.

आता पुढचं. गल्लीतल्या आम्ही काही जणींनी मुकादमांशी बोलून ठरवलं आहे की सकाळी त्या कोपऱ्यावर आळीपाळीने उभं राहायचं. भांडायला कुणी येणार नाही. तुमची पिशवी पडली की ती उचलून तुमच्या हातात परत दिली जाईल, गाडीच्या नंबरासकट महापालिकेच्या आरोग्य कोठीत कळवलं जाईल, आणि पावती तिथेच फाटेल. ते टाळायचं असेल तर ढकलगाडी साडेसातच्या सुमारास तुमच्याच रस्त्याने जाते. दोन डबे ठेवा, काच वर्तमानपत्रात गुंडाळा, डायपरवर लाल ठिपका द्या, निर्माल्य वेगळं द्या. तेवढ्याने भागतं.

एक हिशेब मात्र बाकी आहे. मावशींच्या बोटाला टाके पडले. ओल्या कचऱ्यात हात घालायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून त्यांचा कामाचा खाडा झाला, आणि खाड्याच्या दिवसांचे पैसे त्यांना कुणी देत नाही. दुपारपर्यंत त्या वर्गीकरणाच्या शेडवर असतात. टाक्यांचा खर्च आणि बुडालेली मजुरी तिथे नेऊन द्या, आणि कशाचे पैसे आहेत ते स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगा.

गल्लीतली एक रहिवासी