मांडवीच्या समुद्रावर भाऊजींना कसे न्यावे

यवतमाळच्या शहाण्या माणसाला समुद्र पाहावासा वाटला, तर तो गणपतीपुळ्याला जातो. ज्याच्या भाऊजींना समुद्रही पाहिजे आणि वाळवंटही, त्याने कच्छातल्या मांडवीला जावे. पुढील सूचना अशाच अभाग्यांसाठी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. पंचेचाळीस डिग्री आपल्याकडे मे महिन्यात फुकट मिळते, त्यासाठी रिसॉर्टला पैसे मोजू नयेत.

बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या नावाने गळा काढायचा कार्यक्रम धामणगावच्या फलाटावरच उरकावा. पुढे अहमदाबाद, मग भूज, तिथून साठेक किलोमीटर.

तिकडच्या वरणात गूळ असतो, हे भाऊजींना आधी सांगू नये. सांगितले की ताईच्या दशम्यांचा डबा दुप्पट होतो. ठेचा मात्र न्यावाच. दाबेलीचा जन्म मांडवीचा. ती खातानाही, "आपल्या पोस्टल ग्राउंडजवळची बरी," हे ऐकायची तयारी ठेवावी.

गुजरातेत दारूबंदी आहे. शेजारी वर्धा जिल्हा असलेल्यांना याहून जास्त सांगणे न लगे.

ओहोटीला पाणी लांब जाते. "काऊन बे, धरणाचं गेट उघडलं काय?" असे भाऊजी विचारतात. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नये; काउंटरवर रोज विचारावे. अंगाची वाळू ओली असताना घासू नये. सुकू द्यावी, वर पावडर टाकून झटकावी. सूर्य आपल्यापेक्षा अर्धा तास उशिरा मावळतो, तेवढा वेळ, "आता जेवायचं का?" ला उत्तर देण्यात जातो. उंटाचा भाव चढण्याआधी ठरवावा. वर बसल्यावर घासाघीस करणारा माणूस मी घरातच पाहिला आहे.

रुक्मावती नदीच्या मुखाशी उघड्यावर लाकडी जहाजे बांधतात. तिथे भाऊजींना नेऊ नये, नेले तर घड्याळ पाहू नये. सागाचे लठ्ठे मोजण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. जहाजाच्या उघड्या फासळ्यांखाली ते वाकून शिरतात, बोटाच्या पेराने लाकूड ठोकतात, कान लावतात, नखाने रेषा खरवडतात. "हे साग नोहे." कच्छी मिस्त्री हसून मान डोलावतो. मग त्याच्या गुजरातीत आणि यांच्या वऱ्हाडीत जे सुरू होते, त्यात आपण दुभाष्याचे काम करायला जाऊ नये. त्यांना गरज नसते. जेवणाची आठवणही तेवढा वेळ कुणी काढत नाही. पाण्याची बाटली देऊन आपण सावली शोधावी. रिसॉर्टची खोली दुपारपर्यंतचीच असेल, तर अर्ध्या दिवसाचे भाडे आधीच मोजून ठेवावे.