तो दगड कुणाला?

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ सिनेमाची (२०१३) गोष्ट घडते ती आपल्या नगरजवळच्या अकोळनेरात. त्यातला शेवटचा दगड आमच्या मंडळींना भारी प्रिय. परवा माळीवाड्यात चहाला बसलो, तर एकाने मोबाईलवर तोच प्रसंग पुन्हा लावला. सिनेमातला शाळकरी पोरगा जब्या चिडून दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर येतो, पडदा काळा.

“काय शॉट आहे राव!” म्हणत गड्याने बोटाने क्लिप मागे ओढली. दगड पुन्हा आला. पुन्हा मागे. पाच दगड खाल्ले, पण टेंगूळ कुठं नाही. शिवाय खारी चहात बुडवणं चालूच.

मला राष्ट्रगीताचा प्रसंग जास्त बोचतो. डुकरामागं धावणारं जब्याचं अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं, डुक्कर मात्र निवांत चालतं होतं. तिथं सगळे हसतात. (पहिल्यांदा मीही हसलो होतो.)

“दगड नेमका कुणाला मारला रे?” मी विचारलं.

“गावातल्या लोकांना. खेड्यात अजून चालतं जातपातीचं.”

इतक्यात जब्याच्याच वयाचा पोरगा कप उचलायला आला.

“ए, फडकं नीट मार,” गडी म्हणाला. नजर मोबाईलवरच होती. सहावा दगड निघाला होता.